तोंड उघडलं की हनुवटी गळ्यात घुसते! जबडा नक्की कुठून फिरतो?

शाडू-सुतळी, सांगली

नमस्कार. इथे मिरजेकडची बरीच डॉक्टर मंडळी वाचतात, म्हणून हा प्रश्न कलेच्या विभागात न टाकता इथे टाकतेय.

आमचा घरचा धंदा गणपतींचा. सीझन संपला की मी व्यक्तिशिल्पं करते. सध्या वाळवा तालुक्यातल्या एका गावासाठी तिथल्या शाहिरांचा अर्धपुतळा हातात आहे, माणसाच्या दीडपट. शाहीर आता हयात नाहीत. कमिटीची अट एकच: "आमचे शाहीर गप्प बसलेले दाखवू नका." म्हणजे पोवाडा ऐन रंगात, तोंड उघडं, मान ताणलेली.

तोंड किती उघडायचं हे ठरत नव्हतं म्हणून आतला सांगाडा मी दोन भागांत केला. कवटीची सळई वेगळी, खालच्या जबड्याची वेगळी, आणि दोन्ही बाजूंना कानाच्या पुढे एकेक बोल्ट. जबडा वरखाली करून बघता यावा हा हेतू. फिरतो छान. पण फोटोइतका उघडला की हनुवटी सरळ गळ्यात जाते आणि कानाखालचा जबड्याचा कोपरा मागे सरकून मानेत रुततो. गाणारा माणूस दिसायच्या ऐवजी घास अडकलेला माणूस दिसतो.

बोल्ट काढून अख्खा जबडा हाताने थोडा पुढे ओढला तर चेहरा एकदम बरोबर वाटतो. पण किती ओढायचा आणि का, ते कळत नाही. माझ्याकडे कवटीचा प्लास्टरचा नमुना होता, तो २०१९च्या पुरात गेला. शाहिरांचे फोटो म्हणाल तर एक जत्रेतला, बाजूने काढलेला आणि हललेला. दुसरा पासपोर्टचा, त्यात तोंड मिटलेलं.

तर विचारायचं ते असं. जबडा कुठल्या बिंदूभोवती फिरतो? तोंड उघडल्यावर कानापुढे खळगा पडल्यासारखा दिसतो तो खरा की माझा भास? आणि म्हाताऱ्या माणसाने तोंड उघडलं की कानशिलावर, गालावर काय काय बदलतं?

"डोळ्याला पटेल तसं कर" हे उत्तर वडिलांकडून मिळालेलं आहे. ते सोडून काहीही चालेल.

मुंडी-पाया, तासगाव

ताई, मी काय डॉक्टर न्हाई, मटणाचं दुकान हाय. पण रोज जबडं सोडवतोय म्हणून सांगतो. बोकडाच्या मुंडीतनं खालचा जबडा काढायचा तर सुरी कानाच्या म्होरं घालायची, सांधा तितंच घावतोय. आन् कवटीकडची बाजू चाचपली तर जवळजवळ सपाट लागती, खड्डा असा न्हाईच. म्हणून तर बोकड रवंथ करताना जबडा आडवा फिरवतंय. वरच्या म्होरल्या दाताच्या जागी त्येला नुसती कडक हिरडी असती. कुत्र्याचं बघा, त्यो नुसता वर-खाली चावतोय, आडवं काम न्हाई. माणसाचं ह्या दोघांच्या मधलं कायतरी असणार.

मुंडी पायजे असली तर ठेवतो. भेजा तेवढा गिऱ्हाइकाला जातोय.

स्काल्पेल, मिरज

दादांनी निम्मं उत्तर देऊन टाकलंय, आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांपेक्षा बरं दिलंय. मी मिरजेत शरीररचनाशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळ भरपूर. उत्तर लांबणार.

आधी स्वतःवर करून बघा. कानाच्या भोकापुढे जी छोटी कूर्चा असते, तिच्या अगदी पुढे तर्जनी ठेवा, तोंड मिटलेलं असू द्या. आता सावकाश उघडा. बोटाखाली हाडाचं एक बोंड आधी जागच्या जागी वळेल. मग ते बोटाखालून निसटून पुढे जाईल आणि बोट खळग्यात पडेल. म्हणजे तुमचा खळगा भास नाही. बोंड पुढे गेल्यावर मागे जी जागा मोकळी होते, तिथे कातडी आत ओढली जाते. हडकुळ्या माणसात तर लांबूनही दिसतो.

तुम्ही बोल्ट घालून दाराची बिजागरी केलीत. माणसाच्या जबड्यातही बिजागरी आहे, फक्त ती चौकटीवरून स्वतःच पुढे सरकते. कानशिलाच्या हाडाला खालून, कानाच्या भोकाला लागूनच पुढे, एक खड्डा असतो आणि खड्ड्याच्या पुढे उंचवटा. खालच्या जबड्याचा जो उभा भाग वर जातो, त्याच्या मागच्या टोकाला ते बोंड, आम्ही त्याला कंडाइल म्हणतो. ते गोल नसतं. बाहेरून आत मोजलं तर दीड ते दोन सेंटिमीटर, पुढून मागे जेमतेम एक. बोंड आणि खड्डा यांच्यामध्ये तंतुमय कूर्चेची चकती असते, मध्ये पातळ, कडांना जाड. ती सांध्याचे दोन कप्पे करते. खालच्या कप्प्यात बोंड वळतं. वरच्या कप्प्यात चकती बोंडाला बरोबर घेऊन उंचवट्याच्या उतारावरून पुढे आणि खाली घसरते. ढोबळमानाने सांगायचं तर पुढच्या दातांमध्ये दोनेक सेंटिमीटर अंतर पडेपर्यंत वळणं जास्त, त्यापुढे घसरणं जास्त. तोंड पूर्ण उघडलं की बोंड उंचवट्याच्या माथ्याखाली येऊन थांबतं, म्हणजे मूळ जागेपासून सेंटिमीटरभर तरी पुढे. दीडपट पुतळ्यात तुम्हाला दीड सेंटिमीटर धरावं लागेल.

का, ते तुमच्या सळईनेच दाखवलंय. जबड्याच्या कोपऱ्यामागे मोकळी जागाच नाही. तिथे लाळेची मोठी ग्रंथी आहे, गालगुंडात सुजते तीच, आणि तिच्यातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जाते. तिच्या मागे कानामागचं टणक हाड आणि त्यापासून गळ्याच्या खाचेकडे उतरणारा मानेचा तिरका स्नायू. जबडा नुसता कानापाशी वळला असता तर कोपरा या सगळ्यात घुसला असता आणि जिभेचं मूळ श्वासाच्या वाटेवर आलं असतं. बोकडाचं डोकं मानेच्या पुढे असतं, त्याला ही अडचण कमी. आपलं डोकं मानेच्या वर बसलंय.

आता बोल्ट कुठे. जबड्याच्या उभ्या भागाला आतल्या बाजूने, साधारण मधोमध, एक भोक असतं. खालच्या दातांची नस त्यातून हाडात शिरते. खालची दाढ काढताना दाताचे डॉक्टर सुई खोल मागे घालून भूल देतात ती या भोकाच्या आसपास. वळणं आणि घसरणं यांची बेरीज केली तर मोठं तोंड उघडताना जबडा जवळपास या जागेभोवती फिरतो, असं शरीररचनेत पूर्वापार शिकवतात. त्यामुळे नस ताणली जात नाही. खरं तर हा बिंदू उघडताना सतत थोडा हलत असतो, पण सळईला तेवढं कळायची गरज नाही. कोपरा आणि बोंड यांच्या मध्यावर, खालच्या दाढांच्या माथ्याच्या पातळीत बोल्ट घ्या. वरचं टोक आपोआप पुढे जाईल आणि कोपरा आत्ताच्या निम्माच मागे येईल.

बोंड पुढे ओढणारा स्नायू, लॅटरल टेरिगॉइड, खोल आत असतो, तो मातीत दाखवायचा प्रश्नच नाही. दिसणारे दोन. दात आवळा आणि कानाच्या वर कानशिलावर बोटं ठेवा, फुगतो तो टेम्पोरालिस. तो गालफडाच्या कमानीच्या आतून खाली जाऊन जबड्याच्या उभ्या भागाच्या पुढच्या टोकाला चिकटतो. दुसरा मॅसेटर, कमानीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. मूर्तिकार चिडलेल्या माणसाच्या जबड्यावर जो फुगवटा काढतात तो हा. तोंड उघडलं की दोघेही लांबतात, म्हणजे फुगवटा जातो आणि मॅसेटर चपटा पट्टा होतो. त्याच्या पुढच्या कडेपुढे गाल आत बसतो. गाणाऱ्या पुतळ्यांत मी बहुतेक ठिकाणी उघड्या तोंडाबरोबर फुगलेला मॅसेटर पाहिलाय. एक माणूस एकाच वेळी दात आवळतोय आणि ओरडतोय, हे कसं जमणार?

म्हाताऱ्या माणसात कानशिलाचा भाग बसलेला दाखवा, कारण तिथली चरबी आणि स्नायू दोन्ही कमी होतात आणि गालफडाची कमान वर उठून दिसते. कानाच्या पुढून एक धमनी कमान ओलांडून कानशिलावर चढते, तिचे ठोके बोटाला लागतात. वय झालं की ती नागमोडी होऊन कपाळाच्या कडेला दिसायला लागते. शाहिरांना ती नक्की द्या.

मातीशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिकामी कवटी खिडकीकडे धरली तर या सांध्याच्या खड्ड्याच्या छतातून उजेड झिरपतो, इतकं ते हाड पातळ, आणि त्याच्या वर थेट मेंदूचं घर. चावण्याचा जोर छतावर येतच नाही, पुढच्या उंचवट्याच्या उतारावर येतो. मोटारसायकलवरून हनुवटीवर पडलेल्या माणसाचं बोंडाखालचं बारीक मानेसारखं हाड मोडतं, छत सहसा शाबूत राहतं. म्हणून हनुवटीला टाके पडले की कानापुढचा एक्स-रे काढायला सांगतात.

कडकड, विटा

विषय चालूच आहे तर विचारतो. ऊस सोलून खाताना माझ्या उजव्या कानापाशी कट् असा आवाज येतो. बायकोलाही ऐकू जातो. दुखत नाही. हे बोंड निसटतंय का?

इंटर्न, सांगली

बीडीएसची इंटर्नशिप चालू आहे, तेवढ्या अधिकारात सांगतो. निसटतंय ते बहुतेक बोंड नाही, चकती. ती थोडी पुढे सरकून बसलेली असते. तोंड उघडताना बोंड तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून मधल्या पातळ भागात येतं, तो कट्. मिटताना पुन्हा मागे उतरतं, तेव्हा बारीक आवाज येतो किंवा येतही नाही. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर सहसा काही करावं लागत नाही, ऊस मात्र कापून खा. दुखायला लागलं, किंवा एखाद्या दिवशी आवाज बंद झाला आणि तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर दाखवायला या. तेव्हा चकती पुढेच अडकलेली असू शकते.

आपली स्वतःची तीन बोटं उभी पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. मावत नसतील आणि सुपारी, मावा, गुटखा चालू असेल तर सांध्याला दोष देऊ नका. गालाचं आतलं अस्तर ताठ, पांढुरकं होत गेलेलं असतं. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आमच्या ओपीडीत येणारी बरीच तरुण पोरं "जबडा धरलाय" म्हणत येतात आणि निघतं हे.

डफ-तुणतुणं, शिराळा

ताई, तुमच्या शाहिरांच्या मागे मी झीलकरी म्हणून उभा राहिलो असण्याची शक्यता आहे. वाळव्यातले शाहीर आम्ही सगळे ऐकलेत. म्हणून बोलतो.

तीन बोटं तोंड उघडून पोवाडा कोणी म्हणत नाही. तेवढं उघडलं तर शब्द फाटतो, पुढच्या कडव्याला घसा राहत नाही. "जी जी रं जी" मध्ये तर दात जवळजवळ मिटलेले असतात. सगळ्यात मोठं तोंड उघडतं ते सुरुवातीच्या लांब हाकेला किंवा लढाईच्या कडव्याच्या शेवटी, तेही दीड-दोन बोटं. पण त्या वेळी हनुवटी वर जाते. मान मागे टाकून शाहीर पार मागच्या रांगेला ऐकवत असतो. तुम्ही जबडा खाली पाडताय, आम्ही डोकं वर उचलतो.

आणि दुसरं. तान घेताना हात कानावर जातो. हात दाखवला तर तुमचा सांधाच झाकला जाईल, काम मिटलं!

स्काल्पेल, मिरज

शिराळ्याच्या शाहिरांचं निरीक्षण शंभर टक्के. तोंड उघडताना डोकं थोडं मागे जाणं हे नुसतं गाण्यातलं नाही, पेरू चावतानाही होतं. जबड्याचे आणि मानेचे स्नायू ती हालचाल मिळूनच करतात. टेबलावर कोपर टेकून हनुवटी मुठीवर घट्ट ठेवा आणि तोंड उघडा. खालचा जबडा हलूच शकत नाही, तर अख्खी कवटी वर उचलली जाते. तेव्हा ताई, तुमचं निम्मं काम बोल्टमध्ये आहे आणि निम्मं मानेत. मान मागे गेली की हनुवटी आणि गळा यांच्यामध्ये जागा आपोआप तयार होते.

दीड-दोन बोटं उघडायचं असेल तर बोंडाची सरकही कमी धरा. दीडपट आकारात सेंटिमीटरभर पुरे. कानापुढचा खळगा उथळ राहील, पण राहील. आणि दोन्ही बाजूंना द्या. खालचा जबडा एकच हाड आहे, एका बाजूचा सांधा हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. मान वळलेली असली तरी एका बाजूला खळगा आणि दुसरीकडे काहीच नाही, असं होत नाही.

शाडू-सुतळी, सांगली

सगळ्यांचे आभार, आणि मटणवाल्या दादांचे विशेष. काल बोल्ट खाली आणला. मॅडमनी सांगितलेल्या जागी भोक पाडलं, वरची टोकं मोकळी सोडली. फरक असा की वडिलांनी न विचारता जवळ येऊन बघितलं आणि "आता गातोय" म्हणून निघून गेले.

मॅसेटरचा फुगवटा मी आधीच थापून ठेवला होता, तो सपाट केला. कानशिलावरची नागमोडी धमनी जत्रेच्या फोटोत खरंच आहे. मला ती फोटोवरची सुरकुती वाटत होती.

आता पुढची अडचण. पुतळा चौथऱ्यावर बसणार, माणसाच्या डोक्याच्या वर. म्हणजे लोकांना सगळ्यात आधी दिसणार ती हनुवटीची खालची बाजू. मान मागे टाकली की तर आणखीच. तिथे काय काय आहे? मला फक्त कंठमणी माहीत.

आणि शाहीर, हात कानावर नाही देता येणार. डाव्या हातात डफ आहे आणि उजवा थाप मारायला उचललेला, कमिटीने पास केलेल्या चित्रात तसं आहे.

स्काल्पेल, मिरज

खालून बघणाऱ्याला आधी जबड्याची कड दिसेल, दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीकडे जाणारी. मान मागे असताना ती कड धारदार ठेवा. तिच्या आत हनुवटीपासून मागे जाणारे दोन बारीक स्नायूंचे पट्टे, डायगॅस्ट्रिकचे पुढचे भाग. तोंड उघडायला हेही मदत करतात, त्यामुळे गाताना ते ताठ दिसतात. ते जातात कंठमण्याच्या वर असलेल्या एका घोड्याच्या नालेच्या आकाराच्या हाडापाशी. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंनी आणि अस्थिबंधांनीच टांगलेलं आहे. बाहेरून ते दिसत नाही, पण हनुवटीखालचा सपाट भाग संपून गळा जिथे खाली वळतो तो कोन याच्यामुळे. तो कोन चुकला की कितीही सुरकुत्या काढल्या तरी गळा खोटा वाटतो.

म्हाताऱ्या पुरुषाच्या गळ्यावर कातडीखालच्या पातळ स्नायूच्या दोन उभ्या दोऱ्या दिसतात, जोर लावला की जास्तच. बाजूला तिरक्या स्नायूवरून उतरणारी मोठी नीला. ती फुगते कारण जोराने गाताना छातीत दाब वाढतो आणि रक्त वर तुंबतं. कमिटीला हव्या असलेल्या "गळ्याच्या शिरा" म्हणजे ही. दोन्ही बाजूंना एकेक द्या, झाडाच्या मुळ्या काढू नका.

एक विचारायचं राहिलं. शाहिरांच्या दाढा होत्या का? दात गेले की दात धरून ठेवणारं हाड झिजतं, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, हनुवटी वर आणि पुढे येते. पासपोर्टच्या फोटोत हनुवटी पुढे दिसत असेल तर त्याचं कारण ते असेल.

शाडू-सुतळी, सांगली

त्यांच्या सुनेला फोन करून विचारलं. मागच्या दाढा गेल्या होत्या, कवळी होती. कार्यक्रमाला लावायचे, घरी काढून ठेवायचे. म्हणजे पासपोर्टचा फोटो बिनकवळीचा आणि जत्रेतला कवळीसकट. दोन फोटो जुळत का नव्हते ते आत्ता कळलं. पुतळा जत्रेच्या फोटोवर जाईल.

तोंड मात्र मी दोन बोटांपेक्षा थोडं जास्त उघडं ठेवणार आहे. खालून बघताना खालचा ओठ आणि खालच्या दातांची रांग फाक झाकते, दोन बोटांचं तोंड एकाच बोटाचं दिसतं. काल शिडीखाली बसून बघितलं.

डफ-तुणतुणं, शिराळा

अडीचच्या वर नको. आणि डफ छातीशी जरा तिरका द्या, सरळ धरला तर खालून त्याची नुसती कड दिसेल.